नेपाळची वीज ढाक्याला, मग आमच्या मोटरीला रात्रीची पाळी का?

डेअरीत दूध घालता घालता तात्यांनी विषय काढला. "नेपाळनं बांगलादेशाला वीज विकली म्हणं. ती बी आपल्या तारंतनं. आन् हितं मी रातच्याला एक वाजता बॅटरी घिऊन उसात फिरतोय, मागनं बिबट्या येतोय का बघत. ह्ये कसलं गणित?"

रांगेतलं कुणी हसलं नाही. त्या आठवड्यात आमच्या पलूस भागातल्या बऱ्याच जणांच्या थ्री फेजची पाळी रात्रीची होती. माझा चुलतभाऊ सबस्टेशनवर ऑपरेटर असल्यामुळं विजेचा कुठलाही प्रश्न आमच्या घराकडं वळतो, तसा हाही वळला. त्याला विचारून, थोडं वाचून जे समजलं ते लिहितो आहे.

बातमी नेमकी काय

३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्या वीज संस्थांनी एका करारावर सह्या केल्या. दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर या पाच महिन्यांत नेपाळनं बांगलादेशाला ४० मेगावॉट वीज द्यायची, मुदत पाच वर्षं. दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं साडेपाच रुपयांच्या आसपास. पहिल्यांदा वीज गेली १५ नोव्हेंबर २०२४ ला, तीही नारळ फोडल्यासारखी एकच दिवस. नेपाळ भारताशी विजेची देवघेव फार आधीपासून करतो. भारताची जाळी, म्हणजे देशभर एकमेकांना जोडलेल्या विजेच्या तारा, वापरून तिसऱ्या देशाला विकणं मात्र नवीन होतं, म्हणून बातमी झाली.

४० मेगावॉट म्हणजे किती? पाच एचपीच्या साधारण साडेदहा हजार मोटरी एकदम चालतील एवढी. आपल्या कोयनेच्या पायथा वीजगृहाची ताकद जवळपास तेवढीच आहे. ३० मे २०२४ ला साऱ्या भारताची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. त्यापुढं हे ४० मेगावॉट म्हणजे उसाच्या ट्रॉलीतली एक मोळीसुद्धा नाही. आणि तात्या, ही वीज आपली नव्हतीच, नेपाळची होती.

दूध आणि वीज

तात्यांची किटली डेअरीच्या मोठ्या टाकीत रिकामी होते. फॅट लागते, लिटर मोजले जातात, पावती मिळते. ते दूध पुढं मुंबईत कुणाच्या चहात गेलं हे विचारण्यात अर्थ नसतो, कारण टाकीत सगळ्यांचं एक झालेलं असतं. विजेचंही असंच. नेपाळमध्ये तयार झालेली वीज ओळख सांगत ढाक्यापर्यंत जात नाही. नेपाळनं बिहारमधल्या मुझफ्फरपूरला जाळीत ४० घातले, बांगलादेशानं पश्चिम बंगालच्या बाजूनं ४० काढून घेतले. वाटेतल्या तारांची गळती आणि भाडं हिशेबात धरलं की व्यवहार पुरा. मोजमाप दोन्ही टोकांना होतं, मधे सगळा मिसळ कारभार.

एक फरक मात्र मोठा आहे. दूध थंड करून चार तास ठेवता येतं. जाळीतली वीज त्याच क्षणी वापरली पाहिजे. बॅटऱ्या आता येताहेत, पण देशाच्या भुकेपुढं त्या अजून वाटीभर. म्हणून दिवसाच्या प्रत्येक सेकंदाला जितकी वीज तयार होते तितकीच खपली पाहिजे.

हे जुळतंय की नाही ते कळतं एका आकड्यावरून. त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात, म्हणजे विजेची लाट एका सेकंदात किती वेळा मागं-पुढं होते तो आकडा. आपल्याकडं तो ५० हवा. जुन्या लोकांनी चार-चार बैलजोड्यांचा लोखंडी नांगर पाहिला असेल. सगळ्या जोड्या एकाच पावलावर चालायला लागतात. जमीन घट्ट लागली की सगळ्यांचाच वेग किंचित उतरतो, मऊ लागली की वाढतो. एखादी जोडी बसली तर तिचा भार त्याच क्षणी बाकीच्यांच्या मानेवर येतो. देशातली सगळी वीजकेंद्रं अशी एका नांगराला जुंपलेली असतात. मागणी वाढली की आकडा ४९.९ कडं उतरतो, कमी झाली की पन्नासच्या वर चढतो. तो फारच घसरला तर यंत्रं मोडू नयेत म्हणून केंद्रं आपोआप जू सोडून बाजूला होतात, आणि मग उरलेल्यांचे हाल.

आपण दक्षिणेसह एका नांगराला जुंपलो ते ३१ डिसेंबर २०१३ ला. जोडणारी तार आपल्या शेजारचीच, रायचूर ते सोलापूर. त्याआधी कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, केरळ यांचा नांगर वेगळा होता. नेपाळ आणि भूतान हे देश वेगळे असले तरी आपल्याच नांगराला आहेत. थिंफूतला पंखा आणि पलूसमधला पंखा एकाच तालावर फिरतो.

पैरा

मग शेजाऱ्याशी देवघेव करायचीच कशाला? ज्यानं त्यानं आपलं बघावं, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडं पैरा कशाला करतात? तुझी भांगलण सोमवारी, माझी गुरुवारी. दोघांनी वेगवेगळे मजूर लावण्यापेक्षा एकमेकांच्या रानात जाऊ. पैऱ्यात माणूस तोच असतो, बदलते ती वेळ. विजेच्या व्यापाराचं मूळ नेमकं इथं आहे.

नेपाळ आणि भूतानची वीज नद्यांवरची. पावसाळ्यात आणि बर्फ वितळताना नद्या दुथडी भरतात, वीज खपता खपत नाही. हिवाळ्यात पाणी आटतं आणि नेमकी तेव्हाच घर गरम ठेवायला वीज जास्त लागते. भारताची मोठी मागणी उन्हाळ्यात आणि पाऊस ओढ देतो तेव्हा. बांगलादेशात हिवाळ्यात पंखे बंद असतात. एकाची सुगी ती दुसऱ्याची टंचाई. म्हणून जूनपासून वीज उत्तरेकडून खाली येते आणि डिसेंबरपासून उलटी वर जाते. भूतान वीज विकणारा देश म्हणून आपण ऐकतो, पण हिवाळ्यात तोच भारताकडून विकत घेतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

नेपाळची गोष्ट तर भारनियमन भोगलेल्या प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. २००८-०९ च्या हिवाळ्यात तिथं दिवसाचे सोळा-अठरा तास वीज नसे. इतक्या नद्यांच्या देशात! पुढं काठमांडूतलं भारनियमन २०१६ मध्ये थांबलं. त्यात कारभार सुधारण्याचा वाटा होता, तसा ढल्केबर ते मुझफ्फरपूर या नव्या तारेनं भारतातून आलेल्या विजेचाही होता. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तोच नेपाळ दिल्लीच्या वीज बाजारात ३९ मेगावॉट घेऊन विक्रेता म्हणून उभा राहिला. जानेवारी २०२४ मध्ये भारतानं दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार केला. १० हजारांचा आकडा मला थोडा उत्साहाचा वाटतो, पण दिशा खरी आहे.

वीज बाजार म्हणजे काय, हे सांगलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. हळदीचा सौदा निघतो तसाच सौदा, फक्त पोती दिसत नाहीत. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव आजच ठरतो. दुपारी सौरऊर्जा भरपूर म्हणून भाव पडतो, संध्याकाळी दिवे लागले की चढतो.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पाटणकडं बघा. कोयनेची केंद्रं मिळून साधारण १,९६० मेगावॉटची. ती चोवीस तास पूर्ण ताकदीनं चालवत नाहीत. पाणी मोजकं आहे, आणि पश्चिमेकडं वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून सकाळ-संध्याकाळ मागणी चढली की कोयना काही मिनिटांत जोर लावते आणि नंतर थांबते. कोळशाच्या केंद्राला हे जमत नाही, त्याला तापायलाच कित्येक तास लागतात. कोळसा रोजची भाकरी भाजतो, कोयना पाहुणे आल्यावर धावते. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पावसाळी वाऱ्यावर, साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची वीज गाळप हंगामात. दोन जिल्ह्यांत एवढी वेगवेगळी वेळापत्रकं! नेपाळ आणि बांगलादेश म्हणजे याच वेळापत्रकाला जोडलेली आणखी दोन पानं.

पैरा फेडला नाही तर

पैऱ्याला आलेला गडी गुरुवारी आपल्या रानात आलाच नाही तर काय होतं ते गावात कळतं. विजेतही कळतं, आणि ते कळण्याची रीत मोठी गमतीची आहे.

२०१८ च्या जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या पंचवीस देशांत स्वयंपाकाच्या ओव्हनवरची, रेडिओवरची घड्याळं हळूहळू मागं पडू लागली. बघता बघता जवळजवळ सहा मिनिटांचा फरक पडला. ही घड्याळं विजेच्या लाटा मोजून चालतात. पन्नास लाटा झाल्या की एक सेकंद. तिकडं सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या राजकीय भांडणात कोसोव्होच्या भागात वापरलेली वीज कुणी भरूनच देईना. तेवढी तूट साऱ्या युरोपच्या नांगराला बसली आणि सरासरी आकडा ५० ऐवजी ४९.९९६ झाला. फरक तांदळाच्या कणाएवढा, पण दोन महिने साचला. भांडण दोघांचं आणि उशीर पोर्तुगालच्या स्वयंपाकघरात. नंतर सगळ्यांनी मिळून नांगर किंचित जोरात हाकला तेव्हा घड्याळं वेळेवर आली.

स्वीच कुणाच्या हातात?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. शेजाऱ्याच्या विहिरीवर आपली बाग लावली आणि उद्या त्यानं मोटर बंद केली तर?

झारखंडात गोड्डा इथं १,६०० मेगावॉटचं एक खासगी कोळसा केंद्र २०२३ मध्ये सुरू झालं, ते फक्त बांगलादेशासाठी. त्याची तार थेट तिकडं जाते. जमीन झारखंडची, पण ते चालतं बांगलादेशाच्या नांगरावर. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातलं सरकार गेलं. त्याच महिन्यात भारत सरकारनं नियम बदलून अशा केंद्राला गरज पडल्यास देशात वीज विकायची मुभा दिली. नोव्हेंबरात थकबाकीच्या वादातून तिथून जाणारी वीज निम्म्यावर आली. बांगलादेशी माणसाच्या जागी उभं राहून बघा. तिकडच्या पेपरात दर महाग असल्याची तक्रार, इकडच्या पेपरात बिल थकल्याची. दोन्ही खरं असू शकतं. विकणाऱ्याचंही पाऊल अडकलेलं असतंच, कारण ज्याच्यासाठी केंद्र बांधलं त्यानं घ्यायचं थांबवलं तर ते केंद्र घेऊन जाणार कुठं?

नेपाळचीही एक तक्रार आहे. भारताच्या नियमात अशी अट आहे की, ज्या देशाची जमीन आपल्याला लागून आहे पण ज्याच्याशी वीज सहकार्याचा करार नाही, त्याचा पैसा ज्या प्रकल्पात आहे तिथली वीज आपण घेत नाही. नाव न घेता रोख चीनकडं. नेपाळी माणूस विचारतो, नदी आमची, धरण आमचं, मग पैसा कुणाचा हे तुम्ही का बघता? भारत म्हणतो, गिऱ्हाईक आम्ही आहोत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, मात्र गिऱ्हाईक एकच असलं की सौदा कुणाच्या बाजूनं झुकतो हे द्राक्षवाल्याला विचारा.

आणि तारेचं राजकारण बघायचं तर युक्रेन. त्यांची जाळी सोव्हिएत काळापासून रशियाला जुंपलेली. युरोपशी जोडण्याआधी आपलं आपण चालता येतं का हे पाहायला तीन दिवसांची चाचणी ठरली आणि २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटेआधी त्यांनी रशियाचं जू सोडलं. काही तासांत युद्ध सुरू झालं. परत जायची सोयच उरली नाही. तीन आठवड्यांत, १६ मार्चला, ते युरोपच्या नांगराला जुंपले गेले, जे काम एरवी वर्षांचं होतं.

एकाचं बिघडलं तर सगळे अंधारात?

होय, तसं झालं आहे. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधल्या एका तारेनं झाडाकडं ठिणगी टाकली. त्या तारेवरून इटलीला वीज जात होती. भार दुसऱ्या तारांवर गेला, त्याही सुटल्या, आणि जवळजवळ अख्खी इटली अंधारात. रोममध्ये त्या रात्री रात्रभर चालणारा उत्सव होता, रस्त्यावर तुडुंब लोक. आपल्याकडं ३० आणि ३१ जुलै २०१२ ला लागोपाठ दोन दिवस उत्तर भारताची जाळी बसली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेले, साठ कोटींहून जास्त लोक अंधारात. आपला पश्चिम विभाग उभा राहिला.

यावर तोड म्हणजे मधे हौद बांधणं. टेंभू योजनेत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढतं. खालचा पंप पाणी हौदात टाकतो, वरचा पंप हौदातून आपल्या गतीनं उचलतो. खालच्याची गती बिघडली म्हणून वरचा पंप हिसका खात नाही. भारत आणि बांगलादेश यांच्यामधे बहरमपूर ते भेडामारा या जोडणीवर २०१३ पासून विजेचा असा हौद आहे. आलेली वीज आधी एका दिशेनं वाहणारी करायची, बॅटरीत असते तशी, आणि मग पलीकडच्या तालात पुन्हा लाट बनवायची. दोन्ही नांगर वेगळे राहतात आणि माल पलीकडं जातो. महाग काम आहे. पण पलीकडची जाळी कोसळली तर इकडच्या मानेवर जू येत नाही.

बरं, शेजाऱ्याशी संबंधच नको म्हटलं तर? ९ फेब्रुवारी २०२५ या एकाच रविवारी दोन गोष्टी घडल्या. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तीन छोटे देश रशियाची जाळी सोडून युरोपशी जोडले गेले. आणि श्रीलंकेत कोलंबोजवळच्या एका सबस्टेशनात माकड शिरलं, आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. माकड आपल्याकडच्या डीपीवरही चढतं, पण वीज जाते गावाची. लहान जाळीला आधार द्यायला बाजूची जोडी नसते, म्हणून एक ठेच पुरते. भारत आणि श्रीलंका यांच्यात समुद्राखालून तार टाकायची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, तार अजून नाही.

त्याच वर्षी २८ एप्रिलला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. त्यांना उठवायला फ्रान्स आणि मोरोक्कोच्या तारा आणि स्वतःची धरणं कामाला आली. बंद पडलेल्या कोळसा केंद्राला सुरू व्हायलाही वीज लागते. जीप धक्क्यावर चालू करतात, तसा बाहेरून धक्का लागतो. तो शेजारी देतो, नाहीतर धरण देतं.

फायदा कुणाच्या पदरात

पाटण खोऱ्यात फिरलं की टॉवर डोक्यावरून जाताना दिसतात. त्यांच्याखालच्या काही वाड्यांवर वीज फार उशिरा पोचली. धरणात गावं गेलेली माणसं आजही पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात, त्यांची तिसरी पिढी आली. भूतानला भारताच्या मदतीतून १९८६ च्या सुमारास चुखा केंद्र मिळालं आणि त्याचं उत्पन्न बदललं, हे खरं आहे. पण पुनात्सांगछू-१ हा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला, पुढं डोंगर खचत राहिल्यानं रखडला आणि कर्ज वाढत राहिलं. वीज सीमा ओलांडते, तसा पैसा ओलांडतो. डोंगर मात्र तिथल्याच माणसाच्या दारात खचतो. व्यापाराच्या बाजूनं बोलणारे या मुद्द्यावर घाईनं पुढं सरकतात, असा माझा अनुभव आहे.

मग तात्यांची रात्रपाळी?

बांगलादेशाला भारतातून जाणारी सगळी वीज, गोड्डा धरून, जास्तीत जास्त पावणेतीन हजार मेगावॉटच्या घरात. देशाच्या मोठ्यात मोठ्या मागणीच्या शंभरात एक. ती उद्या बंद केली तरी तात्यांची पाळी बदलणार नाही.

त्यांची पाळी ठरते फार जवळ. सगळ्या मोटरी एकदम लावल्या तर आमचा फिडर, म्हणजे सबस्टेशनवरून गावाकडं येणारी तार, आणि सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर तो भार पेलत नाही, म्हणून शेतीला पाळीनं वीज. आणि रात्रीच का, तर रात्री घरं आणि ऑफिसं झोपतात, कोळशाची केंद्रं मात्र विझवता येत नाहीत. ती उरलेली वीज खपवायला शेतकरी सापडला. पैऱ्यात कायम एकाच माणसानं रात्री यायचं, असा हा प्रकार. आता उलट झालंय. सौरऊर्जेमुळं दुपारीच वीज उरते आणि भाव पडतात. शेतीचे फिडर सौर प्रकल्पांवर दिवसा चालवायची राज्याची योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये ती वाढवली. ज्या गावांचे फिडर त्यावर गेले तिथं दिवसा पाणी पाजता येतं. आमचा फिडर अजून गेलेला नाही.

हे सगळं तात्यांना सांगायला मी त्यांना घेऊन सबस्टेशनवर गेलो. चुलतभावानं फ्रिक्वेन्सीचा मीटर दाखवला, ४९.९७.

"ह्ये भूतानात बी एवढंच?"

"एवढंच, तात्या. नेपाळात पण."

"आन् ढाक्याला?"

"त्यांचं येगळं. मधी हौद हाय."

तात्या बराच वेळ आकडा बघत राहिले. ४९.९८ झाला, परत ४९.९७. मग म्हणाले, "म्हंजी माझी मोटर चालू झाली की भूतानच्या राजाचा पंखा हळू व्हतोय."

"व्हतोय. लई बारीक, पण व्हतोय."

"मग आज रातच्याला एक वाजता करतो हळू," म्हणाले आणि गाडीला किक मारली.